उद्याच्या मेहनतीआधी

वही अजून उघडू नका.

उद्यापासून जिमला जायचं नक्की झालं आहे. तीन महिन्यांचे पैसे भरून झालेत, बूट घेऊन झालेत, घरात सांगूनही झालंय. राहिलंय ते तिथं जाऊन नेमकं करायचं काय, एवढंच. त्याची आज रात्री घाई नको. पंख्याखाली बसा, जमिनीवर नाहीतर खुर्चीत, आणि आधी आजचा दिवस सावकाश आठवा. डोक्याने काय केलं ते राहू द्या. अंगाने काय केलं?

सकाळी पलंगावरून उठलात. मोरीत वाकून भरलेली बादली उचललीत. माळ्यावरची बॅग आत सरकवलीत, पावसाने फुगलेला कपाटाचा खण दोनदा हिसडून ओढलात, संध्याकाळी दोन हातांत दोन पिशव्या घेऊन जिना चढलात. यातलं एकच काम घ्या, बादलीचं, आणि मनातल्या मनात ते पुन्हा करा. हळू. मुठीने कडी धरली, खांदा ताणला गेला, पाठ घट्ट झाली, पोट आपोआप आवळलं गेलं, नितंबांनी आणि मांड्यांच्या मागच्या बाजूने वर रेटलं. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो. ती उचलताना अंगातल्या कुणीही ‘आज माझी पाळी नाही’ म्हणून हात वर केले नाहीत.

इथे थोडं रेंगाळा, कारण उद्या जिममध्ये पाय ठेवलात की पहिला प्रश्न येणार तो असा : “आज काय मारायचंय? चेस्ट की बॅक?” तिथली सगळी बोली अवयवांची आहे. सोमवारी चेस्ट-ट्रायसेप्स, मंगळवारी बॅक-बायसेप्स, बुधवारी खांदे. पायांचा वार शनिवार, आणि शनिवारी जिम नेमकी ओस. ही वाटणी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं मेहनत केलेल्या, एकेका स्नायूला खूप काम दिल्याशिवाय ज्यांचं अंग ढिम्म हलत नाही, अशांना ती लागते. पण तुम्ही तिथे अजून पोचलेला नाहीत. तुमचं अंग अजून बादलीच्या हिशेबाने चालतं, आणि सगळ्या अंगाच्या मेहनतीची मांडणी करायची तर याच हिशेबाने करावी. अवयवांची यादी बाजूला ठेवून कामांची यादी धरावी. बसून उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, वाहून नेणं. माणसाच्या अंगाला जड असं जे काही करावं लागतं, ते बहुतेक या पाचांत येऊन जातं.

आता एकेक काम घेऊ.

बसून उठण्यापासून सुरू करा, आणि हे वाचता वाचताच करून बघा. जमिनीवर मांडी घालून बसा आणि हाताचा आधार न घेता उठा. जमलं? हात कुठे गेला, गुडघ्यावर की भिंतीवर? आपल्याकडे पाटावर जेवण, खाली बसून भाजी चिरणं, पूजा, भारतीय पद्धतीचा संडास, या सगळ्यांत उठबस दिवसातून कितीदा तरी व्हायची. डायनिंग टेबल आणि कमोड आल्यावर ती गेली. पन्नाशीच्या माणसाला घोट्यातून गुडघा पुढे नेता येत नाही, टाच उचलली जाते, मग तो म्हणतो गुडघे गेले. बऱ्याचदा गुडघे आधी गेलेले नसतात. उठबस आधी गेलेली असते.

स्क्वॉट म्हणजे हीच उठबस, वजन घेऊन. पहिले काही आठवडे रॉड खांद्यावर घेऊच नका. एक डंबेल उभं धरून छातीशी कवटाळा आणि खाली बसा. पुढे धरलेल्या वजनामुळे पाठ आपोआप ताठ राहते, पडण्याची भीती जाते. किती खाली? टाचा जमिनीवर आणि कंबरेचा नैसर्गिक बाक शाबूत असेपर्यंत जितकं जाता येईल तितकं. कुणाला मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत जमेल, कुणाला त्याहून खाली. जो रोज उकिडवा बसतो त्याला शिकवावं लागत नाही, हा जिममधल्या सफाई करणाऱ्या काकांकडे बघून आलेला अनुभव. ते फरशी पुसताना ज्या स्क्वॉटमध्ये निवांत बसतात, त्यासाठी बाजूला कुणीतरी ट्रेनरला पैसे मोजत असतं.

तालमीतली बैठक याच कामाची, पण तिची रीत निराळी. बैठकेत टाचा उचलल्या जातात, गुडघे पुढे येतात, आणि संख्या शेकड्यात. तिथे दमसास कमवायचा असतो. तुम्हाला वजन वाढवत न्यायचं आहे, म्हणून टाच जमिनीवर आणि संख्या कमी.

तालमीचा विषय निघालाच आहे तर त्याच्यावर अंमळ थांबू. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत पैलवान जी मेहनत करतो ती पहिल्यापासून सगळ्या अंगाची. जोर म्हणजे ढकलणं. बैठक म्हणजे उठणं. मग ओढणं कुठे होतं? ते होतं फावड्यात. आखाड्याच्या हौद्यातली लाल माती खणून, ओढून, पुन्हा पसरून भुसभुशीत करायची, हे काम पैलवानच करतात, आणि त्यात वाकणं आणि ओढणं दोन्ही येतं. उरलेलं दोरावर, मल्लखांबावर आणि मुख्य म्हणजे कुस्तीत, समोरच्याची मान आणि मनगट खेचताना. तालमीची मांडणी अशी पुरी होती. पुढे जोर-बैठका तालमीतून निघून घराघरांत आल्या, तेव्हा फावडं आणि कुस्ती मागे राहिली. घरात व्यायाम करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी मनापासून ढकललं आणि ओढलं काहीच नाही. आजही घरच्या घरी व्यायाम म्हणजे पुशअप आणि उठाबशा. म्हणून ओढण्याकडे तुम्ही मुद्दाम लक्ष द्यायचं आहे. दिवसभर लॅपटॉपपुढे खांदे पुढे पाडून बसणाऱ्याने तर जास्तच.

पण त्याआधी वाकून उचलणं. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहा. गुडघे किंचित सैल. आता खाली न बसता, नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. छाती पुढे झुकेल, मांड्यांच्या मागे ताण जाणवेल, कणा मात्र होता तसाच. अर्धं पाऊल पुढे सरका आणि पुन्हा करा. हे वाकणं खुब्यातून झालं. आपण एरवी वाकतो ते कंबरेतून, कमान करून, आणि मग एखाद्या दिवशी साधी चप्पल उचलताना पाठीत उसण भरते. डेडलिफ्ट जिमच्या भिंतीवरच्या फोटोंत फार रौद्र दिसते. प्रत्यक्षात ती हे खुब्यातलं वाकणं आहे, हातात वजन घेऊन. भिंतीशी ते बिनचूक जमेपर्यंत रॉडला हात लावायची गरज नाही. जमलं की दोन हलके डंबेल घ्या, मांड्यांना घासत गुडघ्यांच्या खाली आणा आणि उभे राहा.

ढकलणं दोन दिशांना होतं, समोर आणि वर. समोर ढकलायला बेंच प्रेस नाहीतर पुशअप, वर ढकलायला उभ्याने शोल्डर प्रेस. ओढणंही दोन दिशांनी, समोरून आणि वरून : रोइंग आणि लॅट पुलडाउन. चारही एकाच दिवशी कोंबायची नाहीत. आणि वाहून नेणं म्हणजे दोन हातांत दोन जड डंबेल घेऊन तीस-चाळीस पावलं चालणं, खांदे न पाडता. याला व्यायाम म्हणायला लोकांना संकोच वाटतो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा. तो दारापासून ओट्यापर्यंत न घसपटता नेता येणं ही ताकदीची अगदी व्यवहारी परीक्षा आहे.

बायसेप्सचे कर्ल, पोटाचे क्रंच, पोटऱ्या? शेवटी दहा मिनिटं उरली तर करा, हौसेने करा. उरली नाहीत तर हळहळू नका. ओढताना बायसेप्स कामाला येतातच.

आता क्रमाकडे या, कारण खरी मांडणी क्रमात असते. समजा संध्याकाळी सातला पोचलात आणि आठला निघायचंच आहे. शेवटचं जे काम ठेवलंय ते महिन्यातून निम्म्या वेळा राहणार, हे आत्ताच मान्य करा. त्यामुळे प्रत्येक यादीच्या तळाशी जे असतं ते आपल्याला कमी महत्त्वाचं वाटतं, मग तोंडाने काही म्हणो. कुणाच्याही वहीत डोकावलं तर कळतं. विशीतला मुलगा बेंच प्रेस पहिला लिहितो. त्याच्या वडिलांनी उठबस पहिली लिहावी. पाळी थांबलेल्या बाईने उठबस आणि वाकून उचलणं ही दोन वर ठेवावीत, कारण त्या वयात हाडं विरळ व्हायला लागतात, आणि खुब्याच्या व कण्याच्या हाडांवर भार येतो तो मुख्यतः या दोन कामांत. तुम्हाला काय वर लिहावंसं वाटतंय? कुणी सांगितलं म्हणून लिहू नका. दहा वर्षांनी अंगाला कुठलं काम न जमलेलं चालणार नाही, ते डोळ्यांपुढे आणा आणि ते वर घ्या.

क्रमाला आणखी एक कारण आहे, अगदी साधं. ज्यात जास्त अंग गुंततं आणि ज्यात चुकलं तर महागात पडतं, ते ताज्या अंगाने करायचं. म्हणून उठबस किंवा वाकणं आधी, मग ढकलणं, मग ओढणं, आणि वाहून नेणं सर्वांत शेवटी. थकलेल्या अंगानेही चालता येतं. कुणी सांगेल की ढकलणं आणि ओढणं आलटून-पालटून करा, वेळ वाचतो. खरं आहे. पण संध्याकाळच्या गर्दीत एक बेंच आणि एक मशीन दोन्ही अडवून बसलात तर “भाऊ, किती सेट राहिले?” असं विचारणारे चार जण डोक्यावर उभे राहतील. आलटून-पालटून करायचंच तर ओढण्यासाठी डंबेल घ्या, म्हणजे सगळं एकाच बेंचवर होतं.

मग दोन दिवस तयार होतात. एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, आणि वाहून नेणं. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, शोल्डर प्रेस, लॅट पुलडाउन, आणि पुन्हा वाहून नेणं. पहिल्याला अ म्हणा, दुसऱ्याला ब. सोमवारी अ, बुधवारी ब, शुक्रवारी अ. पुढच्या सोमवारी ब. झालं.

एवढंच? ही शंका आत्ता मनात आली असेल तर तिला हाकलू नका. बसू द्या. ‘एवढ्याने काय होणार’ हीच शंका दुसऱ्या आठवड्यात यादीत सहा व्यायाम वाढवते आणि पाचव्या आठवड्यात जिम बंद पाडते. तिच्यासाठी दोन गोष्टी सांगतो.

पहिली स्टीव्ह रीव्ह्जची. हा १९४७ साली मिस्टर अमेरिका झाला, पुढे सिनेमात हर्क्युलिस झाला. त्याच्या काळात आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी सगळं अंग, हीच सर्वसाधारण रीत होती, आणि तोही तसाच मेहनत करायचा. अवयवांची वाटणी सर्वत्र रुळली ती नंतर.

दुसरी गोष्ट थॉमस डेलॉर्म या डॉक्टरची, आणि ती जास्त विचार करण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघ्याच्या दुखापतींचे सैनिक भरले होते. हलकं वजन आणि भरपूर आवर्तनं, ही तेव्हाची उपचाराची वाट. डेलॉर्म स्वतः वजनं उचलणारा. त्याने उलट केलं : जेमतेम दहा वेळा उचलता येईल इतकं जड वजन पायाला लावलं, आणि दहा-दहाचे सात ते दहा सेट करायला लावले. सैनिक झपाट्याने सुधारले. १९४५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. पण नंतर त्याने जे केलं ते मला त्याहून मोठं वाटतं. आर्थर वॉटकिन्सबरोबर काम करताना त्याच्या लक्षात आलं की इतके सेट लागत नाहीत. १९४८ मध्ये त्या दोघांनी मांडलं ते फक्त तीन सेटचं : पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पुरा. शंभरावरून तीसवर. नाव ज्याने झालं तीच मात्रा त्याने स्वतः कापली. आज गल्लीतल्या जिमच्या भिंतीवरही जे ‘३ सेट, १० रेप्स’ लिहिलेलं असतं त्याचं मूळ शोधत गेलं तर इथे येतं. इंग्लंडच्या रेग पार्कने, जो तीनदा मिस्टर युनिव्हर्स झाला, पाच-पाचचे पाच सेट लोकप्रिय केले. त्यातलेही पहिले दोन चढत्या वजनाचे, अंग तयार करणारे, खरे तीनच.

तेव्हा तुमचेही तीन. स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि दोन्ही प्रेसना सहा ते दहा रेप्स, म्हणजे आवर्तनं, ओढण्याला आठ ते बारा. त्याआधी अंग तापवायचे सेट वेगळे. समजा स्क्वॉटचं खरं वजन ५० किलो आहे. आधी रिकाम्या रॉडने दहा, मग ३० किलोने पाच, मग ४० ने तीन, आणि मग ५० ला हात घाला. दोन खऱ्या सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. हे थांबणं लोकांना फार जड जातं. दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं म्हणजे काय करायचं? श्वास परत जागेवर येतो का तेवढं बघायचं. मोबाइल काढलात तर दोनाची सात होतात.

आता सगळ्यात नाजूक जागा. सेट कुठे थांबवायचा?

डोळे मिटा आणि एक सेट मनात करा. स्क्वॉटचा पहिला रेप, सहज. दुसरा, तिसरा, तसेच. चौथ्याला श्वास मोठा झाला. पाचव्याला उठताना मधेच, गुडघे अर्धे सरळ झाले असताना, वजन क्षणभर हळू झालं. तुम्ही मुद्दाम हळू केलं नाही. जोर तितकाच होता आणि तरी वेग कमी झाला. हा क्षण ओळखायला शिका. सहावा त्याहून हळू. आता स्वतःला विचारा, नीट, न फसवता, अजून किती झाले असते? दोन झाले असते असं वाटलं की थांबा. रॉड जागेवर ठेवा. दोन उरवून थांबलं तर स्नायूला हवा तेवढा इशारा मिळतो, आणि परवा पुन्हा येण्याइतकं अंग शिल्लक राहतं. सगळ्या अंगाची मेहनत आठवड्यातून तीनदा करायची तर हे शिल्लक राहणं फार कामाचं. शनिवारपर्यंत पायांना सुट्टी असणाऱ्याने पाय पार पिळून काढले तर चालतं. तुमचे पाय परवा पुन्हा कामाला येणार आहेत.

नवख्या माणसाचा अंदाज सुरुवातीला चुकतो, आणि बहुधा एकाच बाजूला चुकतो : दोन उरलेत असं वाटतं तेव्हा चार-पाच उरलेले असतात. म्हणून पहिला महिना प्रत्येक सेटपुढे उरलेल्या रेप्सचा अंदाज लिहीत जा. महिन्याअखेरीस एखाद्या दिवशी, मशीनवर, जिथे अंगावर काही पडणार नाही अशा ठिकाणी, शेवटच्या सेटला खरंच संपेपर्यंत करा आणि अंदाजाशी ताडून बघा. आणि “सपोर्ट दे” म्हटल्यावर मागे उभा राहणारा मित्र “अजून एक, अजून एक!” ओरडत रॉडला दोन बोटं लावतो, ते रेप्स वहीत लिहू नका. ते त्याचे.

वाढीचा हिशेब मात्र डोळे उघडून, कागदावर करायचा. जिमचा मोठा रॉड बहुतेक ठिकाणी २० किलोचा. काही ठिकाणी हलका असतो, विचारून घ्या, नाहीतर वजनकाट्यावर ठेवून बघा. बायकांसाठी १५ किलोचा वेगळा रॉड असतो, पण तो साध्या जिममध्ये क्वचित दिसतो. तिथे प्रेसची सुरुवात डंबेलनेच झालेली बरी. आता प्लेटांच्या रॅककडे बघा. सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक घातली की पाच किलो वाढले. स्क्वॉट ४० चा ४५ झाला तर वाढ साडेबारा टक्के, जड पण जमण्यातली. शोल्डर प्रेस २० चा २५ झाला तर पंचवीस टक्के. एका आठवड्यात पगार पंचवीस टक्के वाढत नाही. खांदा तरी कसा वाढेल? इथेच लोक अडकतात, वाकडे होऊन उचलतात, खांदा दुखवून घेतात आणि मग म्हणतात आपल्याला प्रेस मानवत नाही.

यातून वाट काढायची ती रेप्सच्या शिडीने. २० किलोने तीनही सेट सहाचे झाले, तर पुढच्या वेळी वजन तेच ठेवा आणि सात करा. नाहीतर सात-सात-सहा. असं करत तिन्ही सेट दहापर्यंत न्या. मगच २५ लावा आणि पुन्हा सहावर या. यात आठवडे जातील, जाऊ द्यात. दुसरी वाट म्हणजे सव्वा किलोच्या दोन प्लेटा स्वतः विकत घ्यायच्या आणि बॅगेत टाकून न्यायच्या. लोक हसतील. माझ्या मते प्रोटीनच्या पहिल्या डब्याआधी या दोन प्लेटा घ्याव्यात. (खुराकाबद्दल इथे बोलत नाही, तो विषय निघाला की प्रत्येक घरात दोन पक्ष पडतात.)

आता मंगळवारचा विचार करा. सोमवारी मेहनत झाली, बुधवारी आहे, आणि मधे मंगळवार रिकामा. तो खरंच रिकामा आहे का? वजन उचलताना स्नायू घडत नाही. तेव्हा त्याला फक्त कामाची आगाऊ सूचना मिळते. दुरुस्ती आणि नवी बांधणी त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत चालते, जेवणातून आणि मुख्यतः झोपेतून. मंगळवारी ‘काहीच केलं नाही’ म्हणून मन खायला लागलं तर चाला, मुलांना घेऊन बागेत जा, पण गुपचूप पन्नास पुशअप मारू नका. वहीत मंगळवारचं पानही ठेवा आणि त्यावर किती तास झोपलात तेवढंच लिहा.

एक दिवस चुकला तर? इथे ही मांडणी आपल्या जगण्याला फार सोयीची पडते. आठवड्याची एकूण मेहनत सारखी असेल तर ती एका दिवशी केली काय नि तीन दिवसांत वाटली काय, स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असं अलीकडच्या अभ्यासांचं साधारण म्हणणं आहे. मग तीन दिवसांचा आग्रह का? कारण शनिवारी पायांचा दिवस असणाऱ्याचा शनिवार लग्नात गेला की पायांचा नंबर थेट पुढच्या शनिवारी, म्हणजे चौदा दिवसांनी. तुमचा शुक्रवार गेला तर सोमवारी सगळं अंग पुन्हा हजर. पाहुणे, पाऊस, परीक्षा, लग्नसराई, ऑफिसातली मार्चअखेर, हे सगळं धरूनच आपलं वर्ष असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्यांच्या ताकदीच्या मेहनतीबद्दल जे सांगितलं तेही आठवड्यातून किमान दोन दिवस, सगळ्या मुख्य स्नायूंना काम देणारी मेहनत, एवढंच. दोन दिवस झाले तर आठवडा पदरात पडला असं समजा.

दुखण्याचंही आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. पहिल्या स्क्वॉटनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबेल, जिना उतरताना कठडा धरावा लागेल, कमोडवर बसताना देव आठवेल. ते दोन-तीन दिवसांत जातं आणि पुढच्या वेळी निम्मंच होतं. मांसल भागात पसरलेलं, हालचालीने मोकळं होणारं दुखणं या प्रकारचं. पण सांध्यात, एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं टोचलं, किंवा पायात-हातात कळ उतरली, तर त्या दिवशी तो व्यायाम बंद. रक्तदाब, हृदयाचा त्रास, हर्निया, अलीकडची शस्त्रक्रिया, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि जोर लावताना श्वास कोंडू नका. वर येताना सोडा.

बोलायचं राहिलं ते खंड पडण्याचं, आणि ते आधीच बोललेलं बरं, कारण खंड पडणारच. गणपतीत दहा दिवस, दिवाळीत आठ, मधेच व्हायरल तापात दोन आठवडे. परत गेलात की मागच्या पानावरचा ५० चा आकडा दिसेल आणि तिथूनच सुरू करावंसं वाटेल. तसं करू नका. आठवडाभराचा खंड असेल तर तेच वजन घ्या आणि एक सेट कमी करा. दोन आठवडे गेले असतील तर वजन दहाएक टक्के उतरवा, म्हणजे ४५. महिना गेला असेल तर ३५ च्या आसपास. तापातून उठला असाल तर त्याहूनही खाली, आणि पहिला आठवडा नुसतं अंग मोकळं करायला. जुना आकडा पहिल्यांदा गाठायला जितका वेळ लागला होता तितका दुसऱ्यांदा लागत नाही. अंगाला वाट माहीत झालेली असते. पाय मात्र पहिल्या दिवशी नव्याने आंबतात. त्या दिवशी स्क्वॉटचे दोनच सेट करा आणि परतताना जिन्याऐवजी लिफ्ट घ्या.